एकेचाळीस सोनेरी रेघा

चारुदत्त हर्डीकर सिंगापुरात, बिशानमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं राहिला, पण त्या नऊ वर्षांत त्याने भिंतीत एक खिळा म्हणून ठोकला नाही. घड्याळ टेबलावर टेकवून ठेवलेलं, गणपतीची तसबीर फ्रिजच्या डोक्यावर आणि लग्नाचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली. टीव्हीचं खोकं थर्मोकोलसकट पलंगाखाली आणि त्याच्या शेजारी मायक्रोवेव्हचं. "उद्या जायची वेळ आली तर?" असं तो म्हणायचा. त्यावर त्याची बायको सुचित्रा म्हणायची, "अरे, जायची वेळ आली तर मायक्रोवेव्ह मिरजेला कोण घेऊन जाणार आहे?" ती हे हसत म्हणायची. तो मात्र अगदी मनापासून म्हणायचा.

असतात काही माणसं अशी. त्यांना कुणी सुखाने झोपायला सांगितलं तरी ती उठून दाराची कडी तपासून येतात. चारुदत्तची कडी म्हणजे त्याचा एम्प्लॉयमेंट पास. कंपनीने अर्ज करायचा, सरकारने दोन वर्षांसाठी शिक्का मारायचा आणि दोन वर्षं संपत आली की पुन्हा पहिल्यापासून जीव टांगणीला. कायमच्या निवासासाठी त्याने दोनदा अर्ज केला आणि दोनदा नकाराचं गोड शब्दांतलं पत्र आलं. पासची मुदत जवळ आली की घरात तेलाची छोटी बाटली यायची, मोठी नाही. मुलगी अवनी पाचवीत होती. पुढच्या वर्षी तिची सहावीची ती मोठी परीक्षा, जिच्या मार्कांवर इथली सगळी पुढची शाळा ठरते. म्हणजे या खेपेला शिक्का मिळालाच पाहिजे होता. पास जूनमध्ये संपत होता, आणि ही गोष्ट घडली ती २०१४ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

तो काम करायचा बुओना व्हिस्टातल्या एका छोट्या कंपनीत. शाळा, संग्रहालयं, देवळं, ज्यांना ज्यांना भिंतीवर इतिहास मांडून हवा असे, त्यांना ही कंपनी तो मांडून द्यायची. माहिती गोळा करून, ती प्रोग्रॅममध्ये घालून, तिचा नकाशा तयार करायचा, हे चारुदत्तचं काम. त्या वर्षीचं मोठं काम होतं ली आडनावाच्या एका चिनी कुलमंडळाचं. चीनमधल्या एकाच मुलखातून आलेल्या, एकाच आडनावाच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेली अशी मंडळं सिंगापुरात पुष्कळ आहेत. हे त्यातलंच एक, गेलांगच्या एका गल्लीत, खाली बेडकांच्या लापशीचं दुकान आणि वर मंडळाचा हॉल. त्या हॉलमध्ये त्यांना काचेची भिंत हवी होती, सहा मोठ्या तावदानांची, आणि तिच्यावर चीनच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासातले सगळे नामवंत ली. सेनापती, मंत्री, वैद्य, चित्रकार, बंडखोर, राजे. उद्घाटन शनिवारी, पाच तारखेला. त्या दिवशी चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, आणि मंडळाची म्हातारी मंडळी तिथून येऊन या भिंतीसमोर वाकणार होती.

यादी मंडळाने दिली. मंडळाचे अध्यक्ष ली बून हेंग, चौऱ्याऐंशी वर्षांचे, त्यांनी एकेक नाव तपासलं आणि खाली सही केली. इथे काम खरं तर संपलं होतं. पण चारुदत्तला त्या यादीत एक गंमत दिसली. नावं परत परत येत होती. ली-मी नावाचाच एक जण सतराशे वर्षांपूर्वीचा, बाप तान्हेपणीच गेलेला, आजीने वाढवलेला. बादशहाने मोठ्या हुद्द्यावर बोलावलं तर त्याने अर्ज लिहून कळवलं, की आजी शहाण्णव वर्षांची आहे, अंथरुणाला खिळली आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही, ती आहे तोवर मला माफ करा. बादशहाने माफ केलंही. दुसरा ली-मी तीनशे वर्षांनंतरचा. तो घोड्यावरचा बंडखोर, एका बादशहाविरुद्ध उठला, दुसऱ्याला शरण गेला, त्याच्याशीही फिसकटलं आणि मारला गेला. नाव तेच, अक्षरंही तीच.

आता चारुदत्तच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असतात एका नावाची माणसं. पण हा चारुदत्त प्रताप हर्डीकर. याच्या आजोबांचं नाव चारुदत्त. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते, आणि ते गेल्यावर दोन वर्षांनी हा जन्मला तेव्हा बारशाला दुसरं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. नाव परत आलं म्हणजे माणूस परत आला, एवढं साधं गणित. तेव्हा याला वाटलं, ली घराण्यातही तसंच झालं असणार, पुढच्यांनी मागच्यांची नावं ठेवली असणार. किती छान! त्याने प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला. तेच नाव पुन्हा आलं की मागच्यापासून पुढच्यापर्यंत एक सोनेरी रेघ काढायची. अशा एकेचाळीस रेघा निघाल्या. कोपऱ्यात खुलासा, इंग्रजीत आणि चिनीत: सोनेरी रेघ म्हणजे वंशजाला दिलेलं पूर्वजाचं नाव. भाषांतर करणाऱ्यांनी ओळ आली तशी भाषांतरित करून पाठवली. साहेब मिस्टर टॅन फोनवर बोलत होते, त्यांनी पडद्याकडे पाहून अंगठा वर केला. त्यांना सोनं दिसलं, बाकी काही दिसलं नाही.

आणि रेघा सहीनंतर घातल्या होत्या. मंडळाला दाखवल्याच नव्हत्या. "त्यांना सुखद धक्का देऊ," असं चारुदत्त स्वतःशी म्हणाला होता. आयुष्यात एकदा याने कुणाला धक्का द्यायचं मनात आणलं, आणि तो असा.

मंगळवारी दुपारी तो ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडपात, जेवायला बसला होता. समोर जॉसलिन, ऑफिसातली डिझायनर, सातवा महिना लागलेली. ती बाळासाठी नाव शोधत होती. मुलगा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चारुदत्तने भाताचा घास घेता घेता सल्ला दिला, "आजोबांचं ठेव ना. तुझे आजोबा किती भले होते म्हणतेस."

जॉसलिनने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "काय बोलतोस? आम्ही असं कधी करत नाही."

"का?"

"का म्हणजे? आजोबांचं नाव पोराला ठेवायचं म्हणजे पोराला त्यांच्या बरोबरीला बसवायचं. उद्या मी त्याच्यावर ओरडले तर आजोबांवर ओरडल्यासारखं होईल. आमच्यात वडीलधाऱ्यांच्या नावातलं एक अक्षरसुद्धा टाळतात. माझी आजी तर मला घरात घेणार नाही." आणि ती पुन्हा नूडल्स खाऊ लागली, कारण तिच्या दृष्टीने एवढंच होतं.

चारुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं. एकेचाळीस रेघा त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. म्हणजे आपण काचेवर, सोन्यात, काय लिहून ठेवलं आहे? की लींच्या घराण्यात एकेचाळीस वेळा पोरांनी पूर्वजांचा अपमान केला! आणि त्यासमोर शनिवारी चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस वाकणार. तो उठला, म्हणाला, "पोटात बिघडलंय," आणि ते खोटंही नव्हतं.

काचा तुआसला होत्या, बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला, कारखान्यांच्या रांगांमध्ये. तो ट्रेनने शेवटच्या स्टेशनपर्यंत गेला आणि तिथून बस. बसमध्ये सगळे कामगार, सगळे झोपलेले, हा एकटा ताठ. कारखान्याचे सुपरवायझर मुरुगन, तमिळ, वीस वर्षं काचेत काढलेले. त्यांनी प्लास्टिक बाजूला केलं. सहाच्या सहा तावदानं तयार होती. नावं काचेत कोरलेली, आणि त्यावरून सोनेरी वर्खाच्या रेघा चिकटवलेल्या. दिसत होत्या मात्र सुंदर! त्याला तेवढ्यातही ते जाणवलं आणि त्याचाच त्याला राग आला.

"या रेघा काढायच्या झाल्या तर?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"निघतील. पण मशीनने नाही, काच जाईल. हाताने, पात्याने, हळूहळू. दोन दिवस लागतील, आणि माझ्याकडे माणूस नाही."

"मी करतो. मीच करतो, सर."

मुरुगननी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "करा. पण मंजूर झालेल्या कामाला मी हात लावू देणार नाही. ज्याची काच आहे त्याची सही आणा, आणि तुमच्या साहेबाची."

झालं! दोन्ही दारं बंद. चोरून, गुपचूप निस्तरायचा जो एक विचार बसमध्ये त्याच्या डोक्यात वळवळत होता, तो तिथेच मेला. आता एक तर गप्प बसायचं किंवा सांगायचं. गप्प बसायचं कारण मोठं होतं. टॅन त्याच्या पासचा अर्ज याच आठवड्यात भरणार होते. शनिवारच्या आत अर्ज गेला असता. नंतर बोंब झाली असती तरी गेलेला अर्ज गेलेला. आणि सांगितलं तर? सहीनंतर कामात बदल, न विचारता. या धंद्यात यासाठी माणसाला दारातून बाहेर काढतात. मग तीस दिवसांत देश सोडायचा. अवनीची शाळा अर्धवट.

संध्याकाळी घरी सुचित्राने विचारलं, "चेहरा का असा?" तो म्हणाला, "काही नाही, ॲसिडिटी." तिने पाहिलं, तो गोळी न घेताच झोपला.

बुधवारी सकाळी तो ऑफिसला निघाला आणि गेलांगला उतरला. का उतरला? बरं वाटावं म्हणून एखादं थोर कारण सांगता येईल, पण खरं असं की त्याला भीती सहन होईना. एका भीतीतून सुटायला दुसऱ्या भीतीत उडी मारणारी माणसं असतात, त्यातला हा.

हॉलमध्ये ली बून हेंग एकटेच होते, बनियनवर, उदबत्त्यांची राख झाडत. भिंतीवर सहा तावदानांसाठी सहा रिकाम्या चौकटी आधीच बसवल्या होत्या. चारुदत्तला पाहून ते खूश झाले, "काचा आल्या?" म्हणाले. त्यांचं इंग्रजी तोडकं आणि स्पष्ट, बंदरावर जहाजांना माल पुरवणाऱ्या कंपनीत चाळीस वर्षं कारकुनी करून कमावलेलं. चारुदत्त उभ्याउभ्याच बोलत सुटला. यादी, रेघा, नियम, सहीनंतर, न विचारता, खुलाशाची ओळ, सगळं. फोनमधलं चित्र त्यांच्यासमोर धरलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. बोट एका रेघेवरून हळूहळू नेलं, एका ली-मीपासून दुसऱ्या ली-मीपर्यंत.

"हा आजीसाठी बादशहाला नाही म्हणाला," ते म्हणाले. "आणि हा उपटसुंभ त्याचा कोणीच नाही. वेगळा मुलूख, वेगळं घर. तू याला त्याचा नातू केलास?"

"नातू नाही, वंशज," चारुदत्त पुटपुटला, आणि जीभ चावली.

"तुझ्यात ठेवतात असं?"

"हो, अंकल. माझंच नाव आजोबांचं आहे. मान म्हणून ठेवतात."

"मग तू लहानपणी खोड्या केल्यास तेव्हा तुझी आई काय ओरडायची? आजोबांचं नाव घेऊन?"

त्याची आई! तिने जन्मात त्याला चारुदत्त म्हटलं नव्हतं. सासऱ्यांचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? शाळेच्या फॉर्मवरसुद्धा तिने शेजारच्यांकडून लिहून घेतलं होतं. घरात तो बंडू होता, आणि आई गेली तेव्हाही तिच्यासाठी तो बंडूच होता. त्याने हे सगळं सांगितलं.

म्हातारा हसला नाही. "म्हणजे तुझ्या आईला ठाऊक होतं," ते म्हणाले. "फक्त तुला कळलं नाही." आणि मग, "आम्हाला विचारलं का नाहीस? मी इथेच बसलेला असतो. सकाळी आठपासून."

खरं उत्तर असं होतं की या नऊ वर्षांत त्याने या शहरात कुणाला काहीच विचारलं नव्हतं. विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे दिसतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला इथे कशाला ठेवायचं, असं कुणी म्हटलं तर? शेजारच्या दारावर लाल कागद का चिकटवतात, चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात रस्त्यावर जेवण का मांडतात, लिफ्टमधल्या आजीबाई रोज याला काय म्हणतात, काही काही विचारलं नाही. मान डोलवायची आणि पुढे जायचं. "घाबरलो होतो," तो शेवटी म्हणाला. "नेहमीच घाबरलेला असतो, अंकल."

त्यांनी सहीचा कागद मागितला. चारुदत्तने दिला. सहीच्या वर रिकामी जागा होती, बदलाचं कारण लिहायला. म्हातारा खुर्चीत बसला, बॉलपेन घेतलं आणि चिनीत लिहू लागला. चार ओळी, पाच, सहा, सात. मग सही, मग मंडळाचा शिक्का. दोन प्रती केल्या, आणि काय लिहिलं ते काही सांगितलं नाही. "टॅनला दे," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा राख झाडायला लागले.

आता विचार करा. तुमच्या हातात एक कागद आहे. त्या कागदावर तुमच्या मुलीची शाळा, तुमचं घर, तुमची नोकरी ठरणार आहे, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. ट्रेनमध्ये बसून चारुदत्त त्या सात ओळींकडे पाहत राहिला. एक अक्षर चौकोनी होतं, एकाला पाय फुटले होते. यात "काढून टाका" कुठे आहे? "माफ करा" कुठे आहे? स्टेशनं जात होती. घामाने कागद ओला होईल म्हणून तो रुमालात धरलेला. शेजारी एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "आंटी, एवढं वाचून दाखवाल? मला चिनी येत नाही."

बाईंनी कागद लांब धरला, मग जवळ. इंग्रजीत, थांबत थांबत सांगू लागल्या. "असं लिहिलंय, सोनेरी रेघा सगळ्या काढायच्या. नावांना धक्का लावायचा नाही. आमची सही झाल्यावर या माणसाने रेघा घातल्या, आम्हाला विचारलं नाही. ही चूक मोठी आहे. पुढे लिहिलंय..." त्या थांबल्या, ओळ शोधली. "त्याला वाटलं तो आमचा मान करतोय. तो स्वतः येऊन सांगून गेला, नाहीतर शनिवारपर्यंत आम्हाला कळलं नसतं. काचेला दुसऱ्या कुणी हात लावू नये. यानेच काढाव्यात." त्यांनी कागदावरून मान वर केली. "हा माणूस म्हणजे तू?"

"मीच."

"हम्म," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिली. रेडहिल स्टेशनला त्या उतरून गेल्या.

टॅननी उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. "हे काय लिहिलंय तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. एकांकडून वाचून घेतलं."

"यात स्पष्ट लिहिलंय, सहीनंतर बदल. ग्राहकाच्या हस्ताक्षरात, शिक्क्यासकट. हे मला फाइलला लावावं लागेल. तुझा अर्ज मी आज भरणार होतो, चारू. आता कसा भरू?" ते ओरडले नाहीत, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं असं चारुदत्तला वाटलं. "रेघा मीही पाहिल्या होत्या," टॅन म्हणाले, खिडकीकडे बघत. "पाहिल्या म्हणजे, नजर टाकली. ओळ वाचली असती तर दोन सेकंदांत कळलं असतं मला." त्यांनी सही केली. "जा आधी, काच साफ कर. शुक्रवारी बघू."

गुरुवार आणि शुक्रवार तो तुआसला होता. गुडघ्यांवर, पत्र्याच्या छपराखाली, उकाड्यात, पातं तिरकं धरून. एक रेघ काढायला वीस मिनिटं. वर्ख निघताना कुरकुरत निघायचा आणि बोटांना, बाह्यांना, भुवयांना चिकटायचा. ली-मी आणि ली-मी एकमेकांपासून सुटले. एक सेनापती एका चित्रकारापासून सुटला. प्रत्येक रेघ निघाली की तो मोजायचा, आणि प्रत्येक मोजणीला त्याच्या मनात दुसरी मोजणी चालायची, शुक्रवार संपायला किती तास उरले याची. गुरुवारी रात्री जेवताना सुचित्राने त्याचा हात धरला. "नखांत काय आहे हे? सोनं?"

"ऑफिसचं काम. काही नाही."

"काही नाही, काही नाही," सुचित्रा म्हणाली आणि हात सोडला. अवनी ताटातून वर पाहत होती.

शुक्रवारी चार वाजता शेवटची रेघ निघाली. कोपऱ्यातला खुलासाही निघाला. मुरुगननी दिवा काचेवर मारून सहाही तावदानं तपासली आणि "सुपर" म्हणाले. टॅन टॅक्सीने आले, तेही वाकून वाकून पाहून गेले. बाहेर गेटपाशी ते थांबले. "म्हाताऱ्याचा फोन आला होता सकाळी. उद्या तू यायलाच हवं म्हणाला." मग खिशातल्या किल्ल्यांशी खेळत राहिले. "अर्ज मी भरलाय. एक वर्षाचा. दोन वर्षांचा मागणं मला शक्य नव्हतं, वरचे भागीदार फाइल बघतात. वर्षभरात काय होतंय ते बघू."

एक वर्ष. चारुदत्तने थँक यू म्हटलं, दोनदा म्हटलं. बसमध्ये बसल्यावर त्याच्या डोक्यात हिशेब उतरला. आजचा पास जूनमध्ये संपतो, म्हणजे नवा पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत. आणि अवनीची परीक्षा त्याच वर्षी सप्टेंबरअखेर. साडेतीन महिने कमी पडतात. मंजूर झाला तर. झाला तर! त्याला हसूही येईना आणि रडूही येईना.

घरी आला तेव्हा सुचित्रा ओट्यापाशी होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सुचित्रा, मला सांगायचंय काहीतरी," आणि सांगितलं. जॉसलिनच्या चॉपस्टिक्सपासून टॅनच्या किल्ल्यांपर्यंत. ती गॅस बंद करून ऐकत होती. तो थांबल्यावर तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"तुआसचे ते मुरुगन," ती म्हणाली. "गेलांगचे ते आजोबा. ट्रेनमधली ती बाई, जिचं तुला नावही माहीत नाही. मग तुझे साहेब." तिने अंगठ्याला हात लावला. "मी पाचवी?"

"तुला काळजी वाटेल म्हणून..."

"मला काळजी वाटत नव्हती? मंगळवारपासून? तू रात्री चार-चार वेळा उठतोयस, नखांत सोनं घेऊन येतोयस, आणि मी बाजूला डोळे मिटून पडून राहते. मला काय काय वाटलं असेल, याची कल्पना आहे तुला? मला वाटलं, नोकरी गेली. मला वाटलं, तुला काहीतरी आजार निघालाय. हॉस्पिटलचे नंबर काढून ठेवले होते मी, चारू." तिने ओट्यावर हात टेकले. "नऊ वर्षं मी त्या खोक्यांवर हसतेय. हसत होते ते तुझ्यासाठी. मला भीती वाटत नाही असं तुला कुणी सांगितलं? तू विचारलंस कधी?"

तो तिच्याजवळ गेला, तिने त्याला ढकललं, आणि मग त्याच्याच सोनेरी बाहीला डोळे पुसले. ते दोघं तसेच ओट्याला टेकून उभे होते, आणि दारात अवनी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. हातात शाळेची पाण्याची बाटली.

"बाबा," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "वन इयर ओन्ली, इझ इट? माय एक्झाम हाऊ?"

अशा वेळी द्यायचं उत्तर त्याच्याकडे कायम तयार असे. काही नाही गं, सगळं ठीक होईल, तू अभ्यास कर. ते ओठांवर आलंही. त्याने सुचित्राकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती, ओल्या डोळ्यांनी, आणि मदत करत नव्हती.

"मला माहीत नाही, अवनी," चारुदत्त म्हणाला. "खरंच माहीत नाही. मलाही भीती वाटते."

अवनीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "आय नो," ती म्हणाली. "आय ऑल्वेज नो, लाह." तिने बाटली ओट्यावर ठेवली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.